धरलेली जागा

आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा आत टाकला, की जागा आपली. पण दवाखान्यात कुणी जागा धरतं का? तिथं खाटेवर दुपट्टा पहिल्यांदा दिसला तेव्हा मला रागच आला.

कोरोनाची नुकतीच सुरुवात होती. मी चिखलीकडच्या एका दवाखान्यात नर्स. वरच्या मजल्यावर ऑक्सिजनच्या मोजक्याच खाटा. बुलढाण्याला फोन लावावा, तर तिथंही जागा नाही. रोज तेच. पायांचे तुकडे पडायचे बघ.

त्या सकाळी तुळशीराम नावाच्या आजोबांच्या पायथ्याशी मळकट दुपट्टा पडलेला. आजोबा तर मजेत चहा पीत होते! बाहेरच्या एखाद्या नातेवाइकानं टाकला असेल, म्हणून मी तो फेकून दिला. संध्याकाळी आजोबा गेले. पुढे तोच दुपट्टा संजीवनीबाईंच्या उशाशी. त्याही गेल्या. कुणाला सांगणार? ऐकायला माणूस तरी मोकळं होतं का?

मग माझा धाकटा भाऊ, गोकुळ, दाखल झाला. एका रखरखीत दुपारी त्याला जेवण द्यायला गेले, तर त्याच्या पायांवर दुपट्टा... घामाचा, रस्त्यावरच्या धुळीचा वास येत होता. तोच तो. पण इतकी थकले होते, की भीतीच्या आधी संतापच आला. दुपट्टा उचलून मी खिडकीशी गेले आणि बसमध्ये भांडतात तशी भांडले.

"ओ भाऊ! माणूस हाये ना इथं, दिसत नाही काय तुमाले? जागा रिकामी नाही! घ्या आपला दुपट्टा!"

खाली अंगणात कुणीच नव्हतं. पण अगदी कानाजवळ दमलेला आवाज आला.

"नाही उठवत बाई त्याले... राह्यतो उभा..."

हातातला दुपट्टा कुणीतरी हळूच ओढून घेतला.

गोकुळ वाचला. त्याला घरी नेलं, तेव्हा मी ढसाढसा रडले.

आता इतकी वर्षं झाली. परवा दुपारी त्याच्याकडे गेले, तर हा खाटेच्या अगदी काठावर, अंग चोरून पडलेला.

"काऊन बे, पडशील ना! सरक तिकडं."

"हळू बोल, ताई..." तो कुजबुजला. "किती दिवस उभा राहीन तो? आज मीच म्हटलं, ये, टेक घडीभर..."

"गोकुळ, काय केलंस रे हे?"

तो आणखी काठाला सरकला. माझ्यादेखत खाटेच्या रिकाम्या बाजूची नवार हळूहळू खाली गेली.