पुढची जोडी

धोंडाबाईला दिवस मावळायच्या आत कातळवाडीवरून लोणावळ्याच्या डॉक्टरकडे आणायचं, एवढंच काम होतं. ते बिघडलं असतं तर दोष ना डोंगराचा असता, ना गाडीचा. माझा असता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सांगायला मला जड जाणार आहे.

सन सेहेचाळीसची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मी, हौशीराम, लोणावळ्याच्या अल्लाबक्ष शेठच्या लाकडाच्या वखारीत जीप चालवत होतो. लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली एक शेठनं घेतली होती. रंग उडालेला, वर छप्पर नाही, एका बाजूनं चेपलेली. तिला ड्रायव्हर हवा होता. मी छाती काढून म्हटलं, "बर्मात दोन वर्षं हीच चालवली, शेठ!" झालं! नोकरी पक्की.

शुद्ध थाप! मी लढाईत होतो, पण आसामात, दिमापूरच्या छावणीत, चहा करायला. आगगाडी तिथं संपायची आणि पुढं लढाईचा रस्ता सुरू व्हायचा. रेशनची लॉरी आवारात मागं-पुढं करता करता स्टिअरिंग धरायला शिकलो, तेवढीच माझी ड्रायव्हरकी. पण लढाईवरून आलेल्या माणसानं 'मी चहा करत होतो' म्हणायचं म्हणजे काय! लाज वाटायची. त्या लाजेपायी मी जे करून बसलो, त्याची लाज मात्र आजही वाटते.

कामशेतच्या बाजारादिवशी चहाच्या दुकानात माझ्याभोवती कोंडाळं जमायचं. मी जपान्यांना पळवून लावायचो आणि लोक मला भजी खाऊ घालायचे. एकदा त्या कोंडाळ्यातून एक म्हातारा पुढं आला. औंढे गावाच्या वर, डोंगरात कातळवाडी आहे, तिथला भिमाजी. जन्मभर घाटात बैलगाडी हाकलेला माणूस.

"पोरा, माजा सोपानबी तितंच व्हता," तो म्हणाला. "असल्याच जीपवर डायवर. डाव्या कानाची पाळी फाटल्याली. सरकारचा कागद आलाय, बेपत्ता म्हणून. तू बगितलास का रं त्याला?"

वीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. 'नाही' म्हणालो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? पण माझी जीभ!

"फाटक्या कानाचा ना? बघितला की! लढाई संपायच्या टायमाला. चांगला धडधाकट होता!"

म्हातारा मटकन खाली बसला आणि माझे दोन्ही हात धरून रडला. मी काय केलं? त्यानं मागवलेली भजी खाल्ली.

आणि आता तोच भिमाजी सकाळी सकाळी वखारीच्या दारात उभा होता. त्याची बायको धोंडाबाई आठ दिवस तापानं फणफणली होती, छातीत कफ दाटला होता. तो आधी डॉक्टरकडं जाऊन आला होता. ते म्हणाले होते, आज खाली आणा, उद्यावर ढकलू नका.

"डोलीत बसत न्हाई म्हातारी," भिमाजी सांगत होता. "म्हंती, डोलीतनं खाली गेल्यालं वाडीत कुनी परत आलं न्हाई. आन् आमी दोगंबी खाली गेलो, आन् सोपान आला, तर त्याला दार बंद दिसंल. पन सोपान चालवायचा तसली गाडी दारात आली, आन् तू तुज्या तोंडानं सांगितलंस की त्याला बगितलाय, तर यील ती. चल पोरा, तुज्या पाया पडतो."

मी काही निमित्त शोधू लागलो. पण शेठनं तर लगेच चावी माझ्या हातात दिली. त्यांचा धाकटा भाऊ इनायत, माझा दोस्त, दोर, पहार, फावडं घेऊन मागं चढूनही बसला. "अरे, बर्मा पाहिलेला माणूस आहे आपला, आबा! कातळवाडी म्हणजे त्याला पायरी!" मला वाटलं, इनायतच्या तोंडात बोळा कोंबावा.

औंढ्यापर्यंत सगळं ठीक होतं. शेतांत भाताची कापणी चालली होती, पेंढ्या बांधणाऱ्या बाया उभ्या राहून जीपकडं बघत होत्या. इनायत त्यांना हात करत होता. मधेच त्यानं माझ्या पायाजवळ बोट दाखवलं.

"हौशा, या दोन बुटक्या दांड्या कशाच्या रे? तू कधी हात लावत नाहीस."

"तोफ ओढायच्या," मी ठोकून दिलं. "आपल्याला काम नाही."

"आणि ही पत्र्याची पाटी? इंग्रजी दिसतंय."

"लष्करी गुपित आहे. वाचायचं नसतं."

मला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं.

औंढ्याच्या पुढं ओढा लागला. पावसाळा सरला तरी पाणी जोरात होतं, तळाशी गोटे. मी गाडी घातली. मधोमध जाऊन मागची चाकं गरगरली, आणि गाडी बसली! पाणी पायाशी आलं. इनायत आणि भिमाजी मांडीएवढ्या पाण्यात उतरले, पहारीनं गोटे उकरले, ढकललं. तासाभरानं पलीकडं निघालो. म्हातारा थंडीनं कुडकुडत होता.

"या ओढ्याची वाटच वाकडी," मी बडबडलो. नाचता येईना, अंगण वाकडं!

पुढं करवंदीच्या जाळ्यांतून बैलगाडीची जुनी चाकोरी वर चढत गेली. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला वाळत चाललेलं उंच गवत, आणि गवताच्या टोकाला एकदम काहीच नाही, खाली पवना नदीकडचं खोरं. गवत बुडाशी अजून ओलं होतं. गाडी दहा हात चढायची आणि पाच हात घसरायची. तीनदा दोर झाडाला बांधला, तीनदा इनायतच्या तळहाताची सालटी निघाली. सूर्य डोक्यावर येऊन कलला. चढ लागल्यापासून भिमाजी गाडीत बसलाच नाही. घाटात गाडीवान गाडीत बसत नाही, चाकांकडं बघत मागून चालतो, ही त्याची जन्माची सवय. आजही तो चाकांकडंच बघत होता.

मग आली रेड्याची घसरण. साठ-सत्तर हातांचा उघडा कातळ, त्यावर मुरूम, उजवीकडं कडा. ती ओलांडली की कातळवाडी.

मी दात आवळले. गाडी घातली. इंजिन किंचाळलं. अर्ध्यावर गेलो. पाऊण! आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. धूर, खडी, रबराचा वास! मी ब्रेक दाबला. गाडी थांबेना! मागं सरकली. आणखी सरकली. मागचं टोक कड्याकडं वळलं.

"उडी मार हौशा!" बाजूनं चढणारा इनायत ओरडला.

इतक्यात मागं धाडकन आवाज झाला आणि गाडी थांबली. भिमाजीनं चाकामागं भला मोठा धोंडा लोटला होता. त्याच्यापासून कडा दोन हातांवर होता. गाडी धोंड्यावरून गेली असती तर आधी म्हातारा गेला असता.

तो धापा टाकत माझ्या बाजूला आला. त्याची नजर अजून चाकांवरच होती.

"पुढली चाकं वढत न्हाईत," तो म्हणाला. "मगापासनं बगतोय. मागली माती उधळत्यात आन् पुढली नुसती फरफटत्यात. घाटात आमी चार बैल जुपतो. पुढली जोडी उगंच हुबी र्‍हायली तर मागल्यांचा ऊर फुटतो."

"आबा, या गाडीला पुढं जोर नसतो," मी म्हणालो.

"आसतो." त्यानं मुंडाशाच्या पदरातून एक कागद काढला. घड्या पडून पडून जीर्ण झालेला, ओढ्याच्या पाण्यानं कडेला भिजलेला. तो त्याला वाचता येत नव्हता, पण पाठ होता. "सोपानचं पत्र हाय. 'आबा, माजी गाडी आपल्या चार बैलांवानी चारी पायांनी चढती. मोठ्या दांडीशेजारी दोन बारक्या दांड्या हायेत. त्यातली डावी मागं वढली की पुढली जोडी जुपली जाती. मंग दुसरी टाकली की चाल हळू पन जोर दुप्पट.'"

इनायतनं माझ्याकडं बघितलं. मग त्या दोन दांड्यांकडं बघितलं. तोफ ओढायच्या दांड्या!

मी क्लच दाबला. डावी दांडी मागं ओढली. दुसरी टाकली. पहिला गियर टाकून हळूच पाय सोडला. गाडी गुरगुरली, पुढची चाकं कातळाला चिकटली, आणि ती चढली! घसरली नाही, उडाली नाही, ओझ्याच्या बैलासारखी एक एक पाऊल टाकत वर गेली. इनायतनं वर पोचताच टोपी हवेत फेकली.

भिमाजी मागून आला. हसला नाही.

"हौशीराम, ही गाडी तू लढाईत चालिवली व्हतीस?"

मी स्टिअरिंगकडं बघत राहिलो.

"आन् सोपान?"

माझी मान आपोआप हलली, इकडून तिकडं, नाही म्हणून. त्यानं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी त्याचे उपकार मानले असते. तो फक्त कागदाची घडी घालत राहिला. ती घडी त्याला नीट घालता येईना.

"चालीव गाडी," शेवटी तो म्हणाला. "म्हातारी वाट बगती."

इनायत उरलेल्या वाटेत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

धोंडाबाई दारात घोंगडीवर पडली होती. दार सताड उघडं. शेजारची शालूबाई तिची छाती शेकत होती. जीप बघितली आणि त्या म्हातारीच्या डोळ्यांत जे आलं, ते मी कधी विसरणार नाही. शालूबाईचा हात धरून ती उठून बसली.

"तूच का रं त्यो?" धाप लागून एक एक शब्द येत होता. "माज्या सोपानला बगितल्याला?"

मी भिमाजीकडं बघितलं. तो खाली बघत होता. हो म्हण, असंही त्यानं सुचवलं नाही, नाही म्हण असंही नाही. एक 'हो' म्हटलं असतं तर ती उठून गाडीत बसली असती. खोट्यानं जीव वाचत होता! आणि खरं बोललो तर ती इथंच मरणार होती. मग मला ती भजी आठवली.

"मावशी, मी सोपानला बघितलं नाही," मी म्हणालो. "कामशेतात खोटं बोललो. मी बर्मात गेलोच नाही. दिमापुरात चहा वाटत होतो. ही गाडीसुद्धा मला येत नव्हती. सोपानच्या पत्रावर ती वर आली."

वाडीतली चार माणसं जमली होती. सगळ्यांनी ऐकलं. धोंडाबाईनं माझ्याकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

"मंग मी येत न्हाई," ती म्हणाली. "दार उगडं कोन ठिवील?"

"मी," भिमाजी म्हणाला.

"तुमी?"

"मी येत न्हाई खाली. मी हितंच बसतो, या उंबऱ्यावर. तू परत येईस्तोवर दार लावत न्हाई. रातचंबी न्हाई. शालूबाई येईल तुज्यासंगं."

"तुमाला चूल पेटवाया येत न्हाई."

"उपाशी र्‍हाईन. पन दार लावायचा न्हाई."

मग ती भिंतीकडं तोंड ठेवूनच बोलली.

"चा वाटत हुतास?"

"हो, मावशी."

"फुडं जानाऱ्या समद्यांना?"

"सगळ्यांना. गाड्या भरभरून यायचे."

"मंग सोपाननंबी घेतला आसंल."

"असेल," मी म्हणालो. "पण मावशी, मी कुणाचं तोंड बघितलं नाही. खाली मान घालून नुसते पेले भरायचो. चहावाला म्हणून लाज वाटायची. एकदा जरी मान वर केली असती तर आज तुम्हाला खरं काही सांगता आलं असतं."

ती वळली. तापानं लाल झालेले डोळे माझ्यावर रोखले.

"वंगाळ वागलास," ती म्हणाली. "लय वंगाळ. पन आत्ता खरं बोललास. मंग गाडीबी खरी चालीव. उचला मला."

आम्ही उतरायला लागलो. दोन्ही दांड्या टाकलेल्या, पहिला गियर. रेड्याच्या घसरणीवर इनायत पुढं चालत एक एक धोंडा बाजूला करत होता. एकदा चाक निसटलं! शालूबाई किंचाळली. मी ब्रेकला पाय लावला नाही, गाडीला तिच्या चालीनं जाऊ दिलं, आणि ती आपसूक सावरली. ओढा आम्ही न थांबता ओलांडला. लोणावळ्याच्या दवाखान्याशी पोचलो तेव्हा सूर्य डोंगरावर टेकला होता.

डॉक्टर म्हणाले, "सकाळपर्यंत थांबला असतात तर हातची गेली असती."

त्या रात्री मी शेठना सगळं सांगून चावी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती परत माझ्याकडं सरकवली. "आधी तिला घरी पोचव," ते म्हणाले. "मग बघू." इनायत दोन दिवसांनी बोलला, ते सुद्धा शिवी देऊन. मला बरं वाटलं.

धोंडाबाई बारा दिवसांनी उठली. तिला घेऊन मी कातळवाडीला गेलो. ओढा, गवत, घसरण, सगळं हळूहळू. वाडीत शिरलो तर दार सताड उघडं. कोंबड्या घरात शिरून चुलीजवळ बसल्या होत्या, पालापाचोळा ओसरीभर. आणि उंबऱ्यावर भिमाजी, दाढी वाढलेला, घोंगडी पांघरून. मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगला धरून बसून राहिलो. खाली उतरायचं धाडस होईना.

त्यानं आधी बायकोकडं नीट बघून घेतलं. मग गाडीच्या पुढच्या चाकांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"पुढली जोडी जुपली व्हतीस का?"

"जुपली होती, आबा," मी म्हणालो.

"मंग उतर की," तो म्हणाला. "तिला चूल पेटवू दिऊ नगं. चा तूच कर."

मी चूल पेटवली आणि चहा केला. देताना मात्र मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं. ते सोपं नव्हतं.