काशिनाथचा डबा

मोबाइलची बत्ती बंद करा रे. खोटं वाटलं तर प्रवीणला विचारा, आपल्याच लूमवर आहे तो.

मागल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या, रविवार. लूमवरचे कापडाचे माग बंद. चिंधा आणि प्रवीण कामरेजहून कोंबडीची आतडी घेऊन तापीवर गेले, शिवडा मासा धरायला. चिंधाची रीत साधी. तेलाचे रिकामे डबे, झाकणं घट्ट. प्रत्येकाला दोरी, खाली गळ, गळाला आतडी. डबे अंधारात सोडायचे आणि होडीतून मागे राहायचं. डबा बुड्या मारू लागला की मासा लागला.

आधी त्याचा जोडीदार काशिनाथ होता. त्याला पोहता येत नव्हतं. म्हणून त्याची बायको सखुबाई निघताना लाल नाड्याने, आपल्या खास गाठीने, त्याच्या पाठीला एक डबा बांधून द्यायची. त्याच वर्षी उन्हाळ्यात एकदा गळासाठी डबा कमी पडला. चिंधाने काशिनाथच्या पाठीचाच सोडून घेतला.

"तू काय बुडतस? मी शे ना."

पुढे होडी कलली आणि काशिनाथ पाण्यात गेला. ओरडला, "चिंधा, मना डबा दे." माझा डबा दे म्हणून.

नेमका त्याच डब्याला शिवडा लागला होता. चिंधाने आधी मासा काढला. मग वळून पाहिलं. पाणी सपाट. डबा त्याने धारेत सोडून दिला आणि सखुबाईला सांगितलं, काशिनाथनेच पाठीवरून सोडला होता, ऐकलं नाही माझं.

हे चिंधा मला हसत सांगायचा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस.

तर त्या अमावास्येला एक डबा उलटा येत होता. धारेच्या विरुद्ध. होडीकडे.

चिंधाने उचलला. हलवला. रिकामा. लाल नाडा तसाच...

"कोणाचा?" प्रवीणने विचारलं.

चिंधा हसला नाही.

बॅटरी विझली. ओरडणं नाही. पाण्याचा आवाज नाही... होडी फक्त हलकी झाली.

उन्हाळ्यात काशिनाथचं प्रेत जिथे सापडलं होतं, तिथेच सकाळी चिंधाचं सापडलं. पाठीला तो डबा. झाकण घट्ट, आत काठोकाठ पाणी. गाठ पाठीमागे, आपली आपल्याला बांधताच येणार नाही अशी. पोलिसांनाही सुटेना.

सखुबाई उन्हाळ्यापासून माहेरी, शहाद्याला. प्रवीणने तिला फोटो पाठवला आणि फोन लावला. तिने फोटो मोठा करून गाठ पाहिली.

मग म्हणाली, "गाठ मनी शे."