निळ्या पेन्सिलीतली मनू

परभणीच्या स्टेशन रोडवर आमच्या दैनिकाचं कार्यालय होतं. खाली सायकलचं दुकान आणि वर आम्ही. मी तसा शाळेत चित्रकलेचा मास्तर, पण गाव मला ओळखायचं ते 'हवालदार आश्रुबा'मुळे. दर रविवारी सहा चौकटींची चित्रकथा. ढेरपोट्या आश्रुबा चोराच्या मागे लागायचा आणि स्वतःच उकिरड्यात नाहीतर विहिरीत सापडायचा. संपादक व्यंकटराव म्हणायचे, "बन्सीधरराव, आश्रुबा हाय म्हणून रविवारचा अंक उरत न्हाई." ते उगीच कुणाला चढवणाऱ्यातले नव्हते, त्यामुळे मला बरं वाटायचं.

माझी कामाची पद्धत जुनी. आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने आराखडा काढायचा, मग त्यावर निबने काळी शाई. निळं खोडायची गरज नसते. छपाईसाठी फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याला ते फिकं निळं दिसतच नाही. म्हणजे कागदावर दोन चित्रं असतात आणि छापून येतं एकच. हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. त्या निळ्याच्या आड मी काय करत होतो, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

दर आठवड्याला एखाद्या चौकटीच्या कोपऱ्यात मी माझ्या मुलीला काढायचो. निळ्यातच. तिच्यावर शाई कधी फिरवली नाही.

मनकर्णा तिचं नाव, आजीचं ठेवलेलं. आम्ही मनू म्हणायचो. एक्क्याऐंशीच्या दिवाळीत माझी बायको कमल हिचा धाकटा भाऊ आबासाहेब आम्हाला तिच्या माहेराहून, बोरीहून, येलदरीचं धरण बघायला घेऊन गेला. आम्ही भाकरी सोडत होतो आणि सहा वर्षांची मनू पाण्याकडच्या पायऱ्यांवर खेळत होती. भाकरी सोडून होईपर्यंत ती तिथे नव्हती. भोयांनी जाळी टाकली, दोन दिवस पाणी ढवळलं. काही सापडलं नाही. पायरीवर तिची डाव्या पायाची चप्पल तेवढी होती. अंगठ्याचा पट्टा तुटला होता म्हणून मीच सकाळी तांब्याची तार गुंडाळून दिली होती.

कमलचं म्हणणं, पोर बुडाली असती तर वर आली असती. कुणीतरी नेली, ती येणार. त्या दिवसापासून दुपारी तिने दाराला कडी घातली नाही. चप्पल कोनाड्यात ठेवली. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हतो. देवळात गेलो तर बाहेर जोडे राखायला थांबणारा. पण मीही मनूला मरू दिलं नाही. कागदावर तिला वाढवत गेलो. सातव्या वर्षी शेंडी, बाराव्या वर्षी दोन वेण्या, मग परकर, मग ओढणी. दोन्ही पायांत चपला. तोंड कधी काढलं नाही. मोठी होऊन ती कशी दिसली असती, हे मला ठाऊक नव्हतं. पाठमोरीच काढायचो. यंदा तिला अठरावं लागलं होतं. आश्रुबाच्या बैलगाडीत मागे बसून ती पुस्तक वाचत होती.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर व्यंकटरावांनी कॉम्प्युटर घेतला. औरंगाबादेत शिकून आलेला चंद्रभान तो चालवायचा. व्यंकटरावांनी मला बोलावून सांगितलं, "आता सगळं यावरच. कागदावर काढून आणलं तर पुन्हा कॅमेरा, पुन्हा खर्च. तुमी शिकून घ्या, न्हाईतर आश्रुबाला निरोप द्यावा लागंल."

शिकायला बसलो. माऊस हातात घेऊन रेघ ओढणं म्हणजे साबणाच्या वडीने सही करण्यासारखं होतं. तीस वर्षांचा हात असून आश्रुबाचं नाक पहिल्या आठवड्यात बटाट्यासारखं आलं. चंद्रभान तोंड फिरवून हसला, मी बघितलं. पण एक गोष्ट मला त्याहून जास्त लागली. तो पडदा काळा-पांढरा होता. त्यात निळं नव्हतंच. जे काढाल ते छापणार. मनूला ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा बारा वर्षांत पहिल्यांदा आश्रुबा तिच्याशिवाय छापून आला आणि त्या रविवारी मला घरी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात चंद्रभान म्हणाला, "सर, तिसऱ्या चौकटीत झाडामागं काय डाग पडलाय बघा."

माझा हात घसरला असेल. पुसून टाकला. कागदावर खोडलं की निदान चर राहतो, बोट फिरवलं की कळतं. इथे काहीच राहत नाही. छापून आलेल्या अंकात डाग होताच.

पुढच्या आठवड्यात त्याच जागी केसांचा भांग होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात पूर्ण मुलगी होती, पाठमोरी. फ्रॉक घातलेली सहा-एक वर्षांची.

"सर, ह्या पोरीला गोष्टीत काय काम?" चंद्रभानने विचारलं.

"तू काढलीस?"

"मला सरळ रेघ यायची न्हाई सर."

मी त्याला चित्र मोठं करायला सांगितलं. मोठं केलं की त्या यंत्रावरच्या सगळ्या रेघांच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात. आश्रुबाच्या ढेरीच्या पायऱ्या झाल्या, झाडाच्या झाल्या. मुलीची रेघ मात्र होती तशीच राहिली. मऊ, थोडी कापरी, पेन्सिल खरखरीत कागदावरून गेल्यासारखी. चंद्रभानने आणखी मोठं केलं. पाय दिसले. उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय अनवाणी होता.

चपलेचं परभणीत आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

मी तिला पुसलं. माझ्याच मुलीला मी पुसतोय, हे मला पुसताना कळत होतं आणि ती आठवण अजून जात नाही.

ते नामांतराचे दिवस होते. जानेवारीत शहर कधी बंद, कधी चालू. पहिल्या पानावर रोज विद्यापीठाची बातमी. रविवारी मात्र आश्रुबा निघायचाच आणि दर रविवारी पोर त्यात असायची. दर वेळी एक चौकट पुढे, सहावी झाली की पुन्हा पहिली. कमल आश्रुबा वाचायची नाही, तिला तो बावळट वाटायचा. तेवढंच बरं होतं.

आबासाहेब दिवाळीपासून माझ्या मागे होता. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. त्याशिवाय जीव सुटत नाही म्हणतात. मी त्याला नेहमी उडवून लावायचो. फाल्गुनात तो आला, तेव्हा मीच म्हणालो, "करून टाकू."

तो माझ्याकडे बघत राहिला. "दाजी, तुमी म्हणायलाव हे?"

दुसऱ्या दिवशी पोळी लाटता लाटता कमल म्हणाली, "जित्या लेकराला जाळायलाव तुमी."

"बारा वर्षं झाली, कमल."

"मला सांगू नका किती झाली ते."

पण ती आली. येलदरीच्या खाली पूर्णेच्या काठावर आम्ही चौघंच होतो, भटजी धरून. फाल्गुनात पळस नुसता फुलांनी लाल असतो, झाडावर पानं नसतात. आबासाहेबाने एका पत्रावळीवाल्याकडून सुकी पानं आणली होती, तीही थोडीच.

भटजींनी विचारलं, "लेकराचं वय? पुतळा त्या मापाचा करावा लागतो."

"सहा," मी म्हणालो.

"अठरा," कमल म्हणाली.

भटजी आमच्याकडे आळीपाळीने बघू लागले. मी म्हणालो, "सहा वर्षांची गेली ती. सहाच धरा." मला त्या फ्रॉकमधल्या पोरीला वाटेला लावायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

"अठरावं लागलंय तिला," कमल पुन्हा म्हणाली, पण हळू.

आबासाहेबाने पानांचा ढीग चाचपला. "अक्का, पानं सहाच्या मापाचीच हायेत."

असा सहा वर्षांच्या मापाचा पुतळा झाला. कमलने पदराआडून ती डावी चप्पल काढली आणि पुतळ्याच्या पायाशी ठेवली. मी अग्नी दिला. सुकी पानं भराभर जळाली. चप्पल मात्र वेळ घेत होती. वास सुटला तेव्हा कमलने तोंड फिरवलं. राखेत तारेचं वेटोळं राहिलं होतं, ते आबासाहेबाने राखेबरोबर पाण्यात सोडलं.

घरी आल्यावर मी म्हणालो, "आता दुपारची कडी घालत जा."

तिने घातली.

पुढच्या रविवारी आश्रुबाच्या चित्रात कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्याही नाही. चंद्रभानने पेढे आणले, म्हणाला, "सर, मशीन सुधारली." मी घरी पोटभर जेवलो, गाढ झोपलो. वाटलं, मूर्खपणा असेल, पण झालं ते बरं झालं. आश्रुबाचं नाकही आता नाकासारखं येऊ लागलं होतं.

चैत्र लागला. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसेना.

त्या शनिवारी मी शेवटची चौकट पुरी केली, पाणी प्यायला उठलो आणि परत येऊन बसलो.

चौकटीत बैलगाडी होती. मी बैलगाडी काढलीच नव्हती.

गाडीत मागे मुलगी होती. ओढणी घेतलेली, मांडीवर पुस्तक. दिवाळीआधी निळ्यात काढलेली ती. तो कागद माझ्या घरच्या पेटीत होता आणि पेटीची किल्ली माझ्याकडे.

फक्त ती पाठमोरी नव्हती.

तोंड आमच्याकडे होतं. कमलची हनुवटी. माझ्या आईचे डोळे. हे तोंड मी कधी काढलं नव्हतं. पाय चौकटीच्या खाली गेले होते, ते दिसत नव्हते.

मी पुसलं. तीन वेळा पुसलं. चंद्रभान म्हणाला, "सर, काय पुसायलाव? तिथं काईच न्हाई."

रविवारच्या अंकात ती होती.

अंक मी घडी करून पिशवीत लपवला. पण शेजारच्या चतुराबाईंकडे तोच अंक येतो. कमल दळण घेऊन त्यांच्याकडून परतली ती अंक हातात धरूनच. माझ्यासमोर तो पसरला आणि शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"हिला तुमी कवा बघितलं?"

"तू ओळखतीस हिला?"

"चार दिस झाले, दुपारची यायली. पाणी मागती. मी म्हणलं, आत ये, सावलीत बस. तर येत न्हाई. उंबऱ्याच्या भाईरच उभी राहून घटाघटा पिती."

"कोण हाय म्हणली?"

"मी इचारलं न्हाई." कमलचा आवाज शांत होता. बारा वर्षांत तो इतका शांत मी ऐकला नव्हता. "डाव्या पायात तेवढी चप्पल हाय. ल्हान लेकराची. टाच सगळी मागं भाईर येती. अंगठ्यापाशी तांब्याची तार गुंडाळलीय."

तिने अंकाची नीट घडी करून तो कोनाड्यात ठेवला, चप्पल असायची तिथे. मग माठातून तांब्या भरला.

"उजवा पाय उघडाच हाय तिचा," ती म्हणाली. "फरशी लय तापती."

एक वाजत आला होता. दाराची कडी काढलेली होती आणि बाहेरच्या पायरीवर तिने आधीच पाणी शिंपडून ठेवलं होतं.