कासारआळीचा दाब

“तनुजा, आज जरा लवकर सोड गं, पाहुणे यायचेत,” शैलामावशी खिडकीतून म्हणायच्या, आणि खांद्यावरची लांब चावी सावरत तनुजा “बघते” म्हणायची. खडकोशीत हे रोजचंच. पूर्वीचे चावीवाले प्यायचं पाणी सोडत. तनुजा दाब सोडायची. विजेचा भरवसा उरला नाही, तेव्हा गावाने डोंगरावर तळं बांधलं. उन्हावरचे पंप त्यात पाणी चढवत आणि ते पोलादी नळांतून अशा जोराने खाली येई, की दवाखान्याची लिफ्ट, लोहाराचा घण, घरोघरच्या चक्क्या सगळं त्यावर चाले. अभियंता बेंद्रे म्हणत, “यात नवं काही नाही. लंडनमध्ये पावणेदोनशे वर्षांपूर्वी रस्त्यांखालून असंच पाणी खेळवायचे, त्यावर पूल उचलायचे.”

तिच्या कासारआळीत चोरजोडही होते. तनुजाच्या चावीच्या आधीच नळाला भोक पाडायचं, म्हणजे वेळापत्रकाची कटकट नाही. तिला ते ठाऊक होतं, पण शेजाऱ्यांशी वाकडं कोण घेणार? एवढ्याशाने काय बिघडतंय, म्हणून तिने डोळेझाक केली होती.

त्या सकाळी तिचा नवरा हेमंत नदीवरच्या पुलाखाली काम करत होता. दाबाच्या पाण्यावर चालणाऱ्या जॅकनी पूल टीचभर उचलायचा आणि खालचे झिजलेले टेकू बदलायचे, एवढंच काम. पण जॅकमधली पाणी मागे फिरू न देणारी झडप गाळाने उघडीच अडकली, दाब उतरताच पाणी मागे फिरलं, पूल खचला आणि हेमंत कमरेपासून खाली चेपला गेला.

तनुजाने धावतपळत सगळ्या आळ्यांच्या चाव्या बंद केल्या. चौकातल्या दाबमापकाचा काटा तरी हलेना.

“पाणी कुठेतरी वाहतंय,” बेंद्रे म्हणाले. “वाहतंय तोवर दाब चढणार नाही. सगळं मिटलं, तर तळ्याचा पुरा भार जॅकखाली येईल आणि पूल उचलला जाईल. क्रेन यायला दुपार होईल. तोवर तो टिकणार नाही.”

ती बेंद्र्यांना घेऊन दारोदार फिरू लागली.

“आमच्याकडे कुठला आलाय चोरजोड?” शैलामावशी बेंद्र्यांकडे बघत म्हणाल्या.

“शोधा की, घर उघडंच आहे,” समोरच्या बाबूकाकांनी सांगितलं.

तनुजाच्या डोक्यात तिडीक गेली. “साहेब, तुम्ही पुलावर जा,” ती म्हणाली. “तुम्हाला बघून यांची दातखीळ बसलीय.”

ते गेले, तशी ती आळीच्या मधोमध उभी राहिली. “मला सगळं ठाऊक आहे,” ती ओरडली. “कुणाचं नाव सांगणार नाही, आईची शपथ. माझा माणूस खाली अडकलाय. तेवढं बंद करा, पाया पडते.”

घराघरांतून चोरजोडांची चक्रं फिरल्याचे आवाज येऊ लागले. ती चौकात पळाली. काटा थरथरला आणि चढला. तिने हेमंतला फोन लावला.

“ऐकताय ना? पूल वर येतोय का?”

“येतोय,” तो धापा टाकत म्हणाला. “डावा पाय सुटला. अजून बोटभर हवा, तनू.”

काटा तिथेच अडला. तनुजा त्याच्याकडे बघत राहिली. मग तो खाली येऊ लागला, अगदी सावकाश. गावात कुणीतरी पुन्हा चक्र फिरवलं होतं. ती “बंद करा” म्हणत एकेका दारावर मुठी आपटत धावली. फोनमधून आधी हेमंतचा आवाज येत होता, मग नुसता माणसांचा गलका.

संध्याकाळी, सगळं उरकल्यावर, शेजारच्या घरांतून ताटं आली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. आळीने रिवाज पाळला. पिठलं होतं, भात होता, भाकऱ्या होत्या. “आम्ही तर लगेच बंद केलं होतं गं,” शैलामावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. बाबूकाकाही तेच म्हणाले. जो आला तो हेच सांगून गेला आणि प्रत्येकाचे डोळे खरोखरच ओले होते.

तनुजाने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात तसाच धरून ठेवला. दाब उतरला की गावभरचे काटे एकदमच उतरतात. तो कुठल्या घरात उतरला, ते कुठलाच काटा सांगत नाही. कुणा एकानेच चक्र पुरतं उघडलं होतं, की माझ्या एवढ्याशाने काय बिघडतंय म्हणून प्रत्येकानेच थोडं थोडं?