नागम्मा बाकावर बसली नाही

ज्याला खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं. ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याच्या घरातली आहे, आणि यात पदरचा एक शब्दही मी घातलेला नाही.

साल १९५९. वैशाखातला मंगळवार, भर दुपार. नळदुर्गच्या अलीकडं एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथल्या सरकारी दवाखान्यात माझा आतोबा अंबादास कारकून होता.

आतोबा असला तरी त्याला मी अहो-जाहो करणार नाही. तेवढी त्याची लायकीच नव्हती.

त्याचं काम सोपं. आलेल्याचं नाव वहीत लिहायचं, दुखणं विचारायचं, आणि भिंतीवरच्या छापील यादीत बघून त्या दुखण्याचा आकडा टाकायचा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि तो आकडा बघूनच औषध द्यायचे. महिनाअखेरी सगळ्याचा तक्ता जिल्ह्याला जायचा.

यादीत चोवीसवर होतं, गर्भाशय खाली उतरणं. बायका त्याला अंग बाहेर येणं म्हणायच्या. सात-आठ बाळंतपणं, डोक्यावर ओझी, आणि बाराव्या दिवशी पुन्हा हातात खुरपं. दुसरं काय होणार?

अंबादासच्या वहीत चोवीस कधीच आला नाही.

एकदाही नाही!

कारण या कारकूनसाहेबांना लाज वाटायची. "असलं घाण काय लिहायचं असतं व्हय? सरकारी वही हाय ही!" असं सगळ्यांदेखत त्या बाईवर खेकसायचा, आणि लिहायचा एकतीस. एकतीस म्हणजे अशक्तपणा. मग तिला लाल औषधाची बाटली मिळायची.

दवाखान्यातली दाई रुद्रम्मा सांगून सांगून थकली. "सायब, खरं ल्ह्या की. चोवीसच्या वीस बाया झाल्या तर सोलापूरची डाक्तरीण हितं येऊन आपरेशनं करणार हाय. तसा कागद आलाय न्हवं?"

"तू मला शिकवू नको," हा म्हणाला. दीड दमडीचा कारकून, आणि मिजास तहसीलदाराची.

नागम्मा नावाची एक बाई दोन कोस चालत चार वेळा आली. चौथ्या वेळी ती बाकाजवळ नुसती उभी राहिली.

"बस की," हा म्हणाला.

"बसता येत न्हाय, सायब. तेवढं तरी ल्ह्या."

यानं लिहिलं... एकतीस.

पंधरा दिवसांत ती तापानं गेली. आत जखम चिघळली होती, असं रुद्रम्मा म्हणाली.

आणि मग तो मंगळवार आला. डॉक्टर नव्हते. दवाखाना रिकामा. अंबादास वहीवर मान टाकून पेंगत होता.

बाहेर कुणीतरी पाय घासत आलं.

थांबलं...

बाकाजवळ.

बाक करकरलं नाही. त्यावर मांजर बसलं तरी ते करकरायचं.

"ल्ह्या की, सायब..."

त्यानं मान वर केली. कुणी नव्हतं. खाली वहीत शाई ओली होती. नाव, नागम्मा. अक्षर त्याचंच. आकड्याची जागा कोरी.

त्याची बोबडी वळली. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. त्या गाढवानं आकडा टाकला... एकतीस!

बुधवारी तेच. गुरुवारी तेच.

शुक्रवारी मात्र पाय घासले नाहीत. हाक आली नाही. सुटलो बुवा, म्हणत त्यानं वही उघडली.

नाव होतं... चारुशीला.

त्याची बायको. माझी आत्या.

तो तसाच घरी पळाला. शेजारची सखूबाई चुलीपुढं बसून भाकरी थापून देत होती. आत्या खांबाला धरून उभी होती.

"बस जरा," तो म्हणाला.

"बसायचं तेवढं सांगू नका."

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. धाकट्याच्या बाळंतपणाला सात महिने झाले होते, आणि तेव्हापासून ती बसलेली त्यानं पाहिलीच नव्हती.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"तुम्हाला?" आत्या म्हणाली. "सांगून तुम्ही काय लिहिलं असतं?"

तो परत दवाखान्यात आला. उद्या डॉक्टरांचा वार; चोवीस लिहिलं की ते तिला लगेच सोलापूरला पाठवणार. एकतीस लिहिलं की लाल बाटली, आणि मग नागम्माची वाट. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण वही डॉक्टर बघणार, शिपाई बघणार. कारकुनाच्या बायकोच्या नावापुढं चोवीस? गाव काय म्हणेल?

मागं पाय घासले...

"ल्ह्या की, सायब."

त्यानं लिहिलं.

एकतीस.

थू असल्या माणसावर!

रुद्रम्मा दारातून बघत होती. ती तडक त्याच्या घरी गेली आणि त्याच दिवशी आत्याला एसटीत घालून सोलापूरला घेऊन गेली. आत्या वाचली. दीड महिन्यानं परत आली आणि उंबऱ्याजवळच मांडी घालून बसली. रडली, असं सखूबाई सांगायची.

अंबादास मात्र त्या शुक्रवारपासून बसला नाही. टेकायला गेला की किंचाळत उठायचा. जेवण उभ्यानं, काम उभ्यानं. शेवटी त्याला सोलापूरला दाखवलं. मोठ्या डॉक्टरांनी वरून खालून तपासलं. काहीच सापडलं नाही. त्यांनी कागदावर लिहून दिलं...

अशक्तपणा.

लाल औषधाची बाटलीही दिली.

लहानपणी मी त्याला ताट हातात धरून उभ्यानं जेवताना पाहिलंय. तो घरात फिरायचा तेव्हा त्याच्या मागून पाय घासल्याचा आवाज यायचा. तो तर चपला काढून, पाय उचलून चालायचा.

मी आत्याला विचारलं होतं. "तिकडं ध्यान देऊ नको," एवढंच ती म्हणाली.

आता दोघंही नाहीत. पण कुठल्याही दवाखान्यात रिकामं बाक दिसलं की मी अजून उभाच राहतो.