खडकोलीची दाढ

न्यायालयाच्या आदेशाने दंतवल्क प्रयोगशाळेत आलेले विश्वंभर ढमढेरे खुर्चीत ऐसपैस बसले होते. त्यांना पाहून डॉ. हेमांगीच्या अंगाची लाही लाही होत होती. अठरा वर्षांपूर्वी, २०३४ साली, त्यांच्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्याच्या शिशाने खडकोलीतली अकरा मुलं गेली. त्यात नऊ वर्षांची सुलू होती, हेमांगीची धाकटी बहीण. गावच्या विहिरीत शिसं झिरपतंय हे ढमढेऱ्यांना ठाऊक होतं का, एवढाच प्रश्न आता उरला होता. ठाऊक असेल तर सदोष मनुष्यवध, नसेल तर दंड भरून मोकळे.

"मीही त्याच विहिरीचं पाणी प्यायलोय," ढमढेरे म्हणाले. काढलेली दाढ त्यांनी आपणहून पुरावा म्हणून दिली होती. "शिसं सापडेलच. जाणूनबुजून विष कोण पितं, पोरी?"

समोरची आम्लाची बाटली दाढेवर कलंडली असती, तर त्यांचा हा पुरावा विरघळून गेला असता. हेमांगीचे हात शिवशिवले. मग तिने दाढ सहकाऱ्याकडे सरकवली.

"फिरदौस, तूच मोज. सुलू माझी कोण होती ते न्यायालयाला कळवलंय मी. माझा हात यात नको."

डॉ. फिरदौस इनामदारांनी मुळाची पातळ चकती कापून स्तरवाचक यंत्रात ठेवली.

"दाताचा माथा आधी घडतो, मूळ मागून खाली उतरतं," ते ढमढेऱ्यांना म्हणाले. "मुळाभोवतीची पेशींची खोळ फाटली की त्यावर दंतवल्क, म्हणजे मुळाचं कठीण कवच, चढू लागतं. त्यातच तंतू रुतून दात जबड्याला धरून राहतो. मग दरसाल एक थर, दात आहे तोवर."

"म्हणजे हाडासारखंच."

"छे! हाड जुनं मोडून नवं बांधतं. हे मोडत नाही, नुसतं चढत जातं. ज्या वर्षी रक्तात जे होतं, ते त्या वर्षीच्या थरात."

पडद्यावर लाल रेघा उमटल्या. "शिसं आहे. भरपूर आहे."

"बघा!" ढमढेऱ्यांनी मांडीवर थाप मारली.

हेमांगी पडद्याकडे वळली. अठरा वर्षं या माणसावर दात धरून काढली, ती यासाठी?

"कुठल्या थरांत?" तिने कसंबसं विचारलं.

फिरदौस बाहेरच्या, यंदाच्या थरापासून आत मोजत चौतीस सालापर्यंत आले. "चौतीस, लाल नाही. तेहेतीस, नाही. बत्तीस, नाही. एकतीस... लाल. तीस, लाल. एकोणतीस, लाल." त्यांनी पुन्हा मोजलं. उत्तर तेच आलं.

हेमांगी उठून ढमढेऱ्यांसमोर उभी राहिली.

"एकतीसनंतर तुम्ही ते पाणी सोडलंत. विहीर बंद झाली चौतीस साली. मधे घरी कुठलं पाणी येत होतं, काका?"

"टँकर... म्हणजे, मला पित्ताचा त्रास..."

"आणि बत्तीसच्या चैत्रात त्याच विहिरीवरून शाळेच्या दारात पाणपोई घातलीत. आईच्या नावानं, पुण्य लागावं म्हणून! पहिला पेला तुम्ही सुलूला दिला होतात."

"माझी दाढ परत द्या," ढमढेरे पुटपुटले.

"ती आता न्यायालयाची," म्हणत फिरदौसनी डबीला लाख लावली.

आपल्याला रडू येईल असं हेमांगीला वाटलं होतं. आलं नाही. उलट बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं. तिने नळाचं पाणी पेल्यात भरून त्यांच्यापुढे धरलं.

"घसा कोरडा पडला असेल, काका. घ्या. खडकोलीहून आणलंय."

ढमढेऱ्यांचा पुढे आलेला हात झटक्याने मागे गेला.