समुद्रात उभा बगळा

"ढब्ब्या, मधे बस! बोट कलंडतेय!" मामा ओरडला, आणि त्याच क्षणी बोटीच्या पोटाखालून आवाज आला. खर्रर्रर्र!

बोटीला असा गचका बसला, की टिकली ताईच्या अंगावर आदळली, ढब्बू खाऊच्या डब्यावर आणि डबा मामाच्या पायावर!

"मामा, खडक लागला!" ताई म्हणाली.

"खडक कसला? तो बघ लाल बोया!" पाय चोळत मामाने दूरवर तरंगणाऱ्या लाल पिंपाकडे बोट दाखवलं. "जिथे खडक तिथे बोया. आपण त्याच्यापासून कितीतरी लांब आहोत. हा ढब्बूच्या वजनाचा प्रताप!"

ढब्बूने सुस्कारा सोडला. सुट्टीत ही तिघं भावंडं मामाच्या पिवळ्या मोटरबोटीतून किनाऱ्याकिनाऱ्याने भटकायला निघाली होती. तेव्हापासून वारा पडला तरी खापर ढब्बूच्याच डोक्यावर फुटत होतं!

धडपडत बोट बंदराला लागली. गाव अगदी आडबाजूचं. एक उतरता रस्ता, एक बोटी दुरुस्त करायचं वर्कशॉप आणि बंदर कचेरी. बोटीचा पंखा वाकला होता. मेकॅनिक तो ठोकायला बसला आणि मामा त्याला कसं ठोकायचं ते शिकवायला बसला.

"आपण कचेरीत तक्रार करू," ताई म्हणाली.

पण कचेरीला कुलूप! दारावर पाटी होती, 'साहेब पाहणी दौऱ्यावर आहेत.' पायरीवर एक मांजर ताणून झोपलं होतं.

"हे बहुतेक छोटे साहेब," ढब्बू म्हणाला.

तिघं धक्क्यावर पाय सोडून बसली. ओहोटीने पाणी उतरत होतं. अचानक टिकलीने विचारलं, "ताई, बगळ्याचे पाय केवढे असतात गं?"

"असतील वीतभर. का?"

"मग तो बगळा भर समुद्रात उभा कसा?"

ताई ताडकन उठली. खरंच! बोयापासून खूप दूर एक बगळा घोटाभर पाण्यात ऐटीत उभा होता!

"मामा, बोटीमागची छोटी होडी नेऊ का?"

"जॅकेटं घाला!" मामा मान न वळवता म्हणाला.

वल्ही मारत ती तिथे पोचली. बगळा रागाने उडून गेला. खाली काळाकभिन्न खडक होता आणि त्यावर पिवळ्या रंगाचा ताजा ओरखडा!

"आपल्या बोटीचा रंग! मी निर्दोष आहे!" ढब्बू एवढ्या जोरात नाचला, की होडीच कलंडायला आली.

"पण मग बोया तिकडे कसा गेला?" ताई म्हणाली. "चला, बघू या!"

बोया कड्याच्या सावलीत डुलत होता. त्याला बंदराची लाँच बांधलेली. लाँचमध्ये लाल छत्रीखाली एक गलेलठ्ठ गृहस्थ गळ टाकून बसले होते.

"साहेब, हाच का पाहणी दौरा?" ढब्बूने विचारलं.

साहेब दचकले. "अं... माशांची पाहणी! तिकडे उन्हात टाळू भाजते रे! म्हणून बोया जरासा इकडे ओढला. उद्या ठेवतो जागेवर. आज कोण येतंय इथे?"

भोंऽऽऽ!

वळणावरून फेरीबोट येत होती, माणसांनी खच्चून भरलेली! आणि तिचं तोंड नेमकं खडकाकडे!

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते लाँचचं इंजिन सुरू करू लागले, पण ते नुसतंच खोकलं.

"छत्री द्या! तिला थांबवायला हवं!" ताई ओरडली.

"नवी आहे! आणि हे बघा, कुणाला सांगू नका हं!" साहेबांनी छत्री छातीशी धरली.

ढब्बू किंचाळला, "साहेब, गळ ओढला जातोय! केवढा मासा!"

"कुठाय? कुठाय?" छत्री टाकून साहेब गळाकडे झेपावले. टिकलीने छत्री उचलली आणि होडी सुटली!

हात भरून आले, तरी कुणी थांबलं नाही. टिकलीने होडी सांभाळली. ताई आणि ढब्बू खडकावर उतरून उड्या मारू लागले. लाल छत्री गरागरा फिरत होती.

"थांबाऽऽ! थांबाऽऽ!"

फेरीबोट पुढेच येत होती. मग एकदम इंजिनाचा आवाज बदलला, पाणी खळबळलं आणि ती अजस्र बोट थांबली!

कप्तानबाई कठड्यावरून ओरडल्या, "अरे, वेड लागलंय का? समुद्रात उभे काय राहताय?"

"तेच तर सांगतोय!" ढब्बू ओरडला. "इथे उभं राहता येतंय!"

कप्तानबाईंनी खाली वाकून पाहिलं. काळा खडक दिसताच त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

सगळी हकिगत ऐकल्यावर मात्र त्यांचा पारा चढला. सगळ्या उतारूंच्या डोळ्यांदेखत साहेबांना लाँच वल्हवत बोया ओढून जागेवर आणावा लागला. कुणीतरी ओरडलं, "साहेब, टाळू सांभाळा!" आणि फेरीबोटीवर हशाच हशा पिकला!

धक्क्यावर मामा धापा टाकत आला. "शाबास रे माझ्या वाघांनो! भाचरं कुणाची आहेत!" तो मेकॅनिकला सांगत सुटला.

कप्तानबाईंनी तिघांना आपल्या केबिनमध्ये नेलं. "डोळे उघडे ठेवणारी माणसं फार थोडी असतात," त्या म्हणाल्या, "आणि बगळ्याच्या पायांचा विचार करणारी त्याहून थोडी! बोल टिकली, तुला काय हवं?"

टिकलीने वर लोंबणाऱ्या भोंग्याच्या दोरीकडे पाहिलं. बाईंनी हसून मान डोलावली.

भोंऽऽऽऽऽ!

सगळ्या गावाने कानांवर हात ठेवले. टिकलीने मात्र दोरी दोन्ही हातांनी पुन्हा ओढली!